पेटक्लिनिक चालतं, पण हात लावला की अडतं: डेमो प्रोजेक्टवरून सर्व्हर ॲप्लिकेशन सुरू करताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी

जावात सर्व्हर ॲप्लिकेशन शिकायला निघालेल्या माणसाच्या हाती कधी ना कधी स्प्रिंग पेटक्लिनिक येतंच. स्प्रिंग म्हणजे अशी ॲप्लिकेशनं लिहायला जावातला तयार सांगाडा, आणि पेटक्लिनिक हा त्याचा डेमो प्रोजेक्ट. प्राण्यांच्या दवाखान्याचं छोटं ॲप्लिकेशन आहे: मालक, त्यांचे प्राणी, डॉक्टर आणि दवाखान्यातल्या भेटी. नमुना डेटात १० मालक, १३ प्राणी आणि ६ डॉक्टर आधीच भरलेले असतात. स्प्रिंगच्याच गिटहब खात्यावर ते मोफत मिळतं, आणि इतकं नीटनेटकं आहे की यावरूनच आपलं ॲप्लिकेशन उभं करावं असं कुणालाही वाटेल. मीही नव्या सहकाऱ्यांच्या हातात हेच देते. दर बॅचला तेच प्रश्न येतात, जवळजवळ त्याच क्रमाने. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

'चालत नाही' असा निरोप आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: कुठे थांबलं? बिल्ड (कोडपासून चालणारं ॲप्लिकेशन बनवणं) सुरूच झालं नाही, बिल्ड मध्येच पडलं, सर्व्हर उभा राहता राहता कोसळला, की सर्व्हर छान उभा आहे पण ब्राउझरमध्ये पान येत नाही? या चारही ठिकाणच्या चुकांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो) दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेला असताना जावा काढून पुन्हा टाकण्यात अख्खी दुपार घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची मेहनत खरी होती, फक्त जागा चुकली होती.

आधी जसंच्या तसं चालवा

प्रोजेक्ट उतरवला की त्यातली एकही ओळ न बदलता तो चालवून पाहा. टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या रॅपरची (प्रोजेक्टसोबतच येणारी) स्क्रिप्ट 'स्प्रिंग-बूट:रन' या गोलसह, म्हणजे मेव्हनला सांगायच्या कामासह, चालवायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ८०८० पोर्ट उघडायचं. मालक शोधण्याच्या पानावर आडनावाची चौकट रिकामी ठेवून शोध घेतला आणि जॉर्ज फ्रँकलिनसह मालकांची यादी आली, की तुमचा संगणक ठीक आहे. यानंतर जे बिघडेल ते तुमच्या बदलामुळे, हे नक्की झालं. हा पुरावा हातात नसेल तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं होतं.

प्रोजेक्ट गिटनेच क्लोन करा. मित्राकडून पेन ड्राइव्हवर किंवा झिप करून आणलेल्या प्रतीत टिंबाने सुरू होणारं 'एमव्हीएन' नावाचं लपलेलं फोल्डर बऱ्याचदा राहून जातं, आणि मग रॅपर पहिल्याच पावलाला अडखळतो. लिनक्सवर 'परमिशन डिनाइड' आलं तर स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्या. 'बॅड इंटरप्रिटर' आलं तर ती फाइल विंडोजमधून फिरून आली आहे आणि तिच्या ओळींचे शेवट बदलले आहेत. नवीन क्लोन घ्या, तो सर्वांत जलद उपाय.

पहिल्या बिल्डला मेव्हन पुष्कळ लायब्ऱ्या उतरवून घेतो. हॉस्टेलचं नेट मध्येच गेलं तर पुढच्या खेपेला एक विचित्र संदेश दिसतो: आधीच्या प्रयत्नात फाइल सापडली नव्हती, ते अपयश लोकल रिपॉझिटरीत साठवलं आहे, ठरावीक वेळ जाईपर्यंत पुन्हा प्रयत्न होणार नाही. म्हणजे आता नेट सुरळीत असलं तरी मेव्हन जुनंच उत्तर देतो. त्याच आज्ञेला 'वजा कॅपिटल यू' हा पर्याय जोडा, तो पुन्हा विचारायला भाग पाडतो. तरीही अडलं तर होम फोल्डरमधल्या 'डॉट एम२' फोल्डरात जाऊन फक्त त्या लायब्ररीचं फोल्डर पुसा, सगळं नको. ऑफिसच्या नेटवर 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' आलं तर बहुधा मधला प्रॉक्सी स्वतःचं प्रमाणपत्र लावतो आहे आणि जावाला ते ओळखीचं नाही. ते नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून प्रमाणपत्र घेऊन जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये टाकावं लागतं. तपासणीच बंद करण्याचे सल्ले मिळतात, ते मानू नका.

'जावा १७ आहे माझ्याकडे, तरी बिल्ड नाही म्हणतं'

सगळ्यात जास्त वेळा येणारी अडचण हीच, म्हणून इथे जरा थांबते.

पेटक्लिनिक ज्या स्प्रिंग बूटवर उभं आहे त्याचं ३.० नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्याने किमान जावा १७ ची अट घातली. आताचं पेटक्लिनिक त्यानंतरचं आहे. जुना जावा असेल तर संदेश वेगवेगळ्या रूपांत येतो: कधी सरळ 'या बिल्डला किमान जावा १७ लागतो', कधी 'इनव्हॅलिड टार्गेट रिलीज: १७', कधी 'अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर' आणि त्यात ६१.० व ५५.० असे आकडे. ते आकडे वाचायला शिका, फार उपयोगी पडतात. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. '६१.० ने बनवलेलं आहे, मला ५५.० पर्यंतच कळतं' याचा अर्थ इतकाच, की फाइल जावा १७ साठी बनली आहे आणि चालवणारा जावा ११ आहे.

मग मुलं टर्मिनलमध्ये जावाची आवृत्ती विचारतात, उत्तर १७ येतं, आणि गोंधळ वाढतो. खरी गोष्ट अशी: तुम्ही नुसतं 'जावा' म्हणता तेव्हा संगणक पाथमधला (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतला) पहिला जावा शोधतो. मेव्हन मात्र आधी 'जावा_होम' नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल बघतो आणि तो भरलेला असेल तर त्यातलाच जावा वापरतो. दोन्हीकडे वेगवेगळे जावा असू शकतात, आणि कॉलेजच्या दिवसांत जावा ८ किंवा ११ टाकलेल्या लॅपटॉपवर ते हमखास तसे असतात. म्हणून जावाला विचारू नका, मेव्हनला विचारा. रॅपरच्या स्क्रिप्टला 'वजा व्हर्जन' देऊन चालवलं की मेव्हन स्वतः कोणता जावा वापरतो आणि तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे छापतो. तेच खरं उत्तर.

दुरुस्ती करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, 'जावा_होम' मध्ये जेडीकेचं (कंपायलरसकट पूर्ण जावाचं) मूळ फोल्डर द्यायचं, त्यातलं 'बिन' नाही. दुसरं, विंडोजमध्ये व्हेरिएबल बदलल्यावर आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुनंच मूल्य धरून बसतं. नवीन टर्मिनल उघडा. व्हीएस कोडमधलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खं व्हीएस कोड बंद करून पुन्हा सुरू करा. तिसरं, उबंटूवर 'अपडेट-अल्टरनेटिव्हज' ने जावा बदलला तरी 'जावा_होम' आपोआप बदलत नाही, तो वेगळा बदलावा लागतो. याशिवाय इंटेलिजेमध्ये प्रोजेक्टचा जेडीके वेगळा निवडलेला असतो, त्यामुळे तिथे चालतं आणि टर्मिनलमध्ये चालत नाही, किंवा उलट. दोन्हीकडे एकच ठेवा.

'नो कंपायलर इज प्रोव्हायडेड' असा संदेश आला तर तुमच्याकडे फक्त जेआरई आहे. जावा चालवता येतो, पण कंपाइल करता येत नाही. पूर्ण जेडीके टाका.

कोड बरोबर आहे, तरी बिल्ड पडतं

पहिला बदल केला की पुष्कळांना हा धक्का बसतो. एका कंट्रोलरमध्ये (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या क्लासमध्ये) दोन ओळी वाढवल्या, संपादकात कुठेच लाल रेघ नाही, आणि बिल्ड कंपाइलपर्यंत पोचायच्या आतच 'फॉर्मॅटिंग व्हायोलेशन्स' म्हणून थांबलं. पेटक्लिनिकच्या पॉम फाइलमध्ये, म्हणजे मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, स्प्रिंगचा स्वतःचा जावा फॉर्मॅट तपासणारा प्लगइन बसवलेला आहे. टॅबच्या जागी स्पेस दिल्या तरी तो बिल्ड अडवतो. उपाय त्या संदेशातच लिहिलेला असतो: 'स्प्रिंग-जावाफॉर्मॅट:अप्लाय' हा गोल चालवला की सगळ्या फाइली आपोआप नीट होतात. अशीच दुसरी तपासणी असुरक्षित पत्त्यांची आहे. 'एस' नसलेल्या एचटीटीपीने सुरू होणारा बाहेरचा पत्ता, समजा कॉलेजच्या जुन्या संकेतस्थळाचा, एखाद्या फाइलमध्ये लिहिला की बिल्ड पडतं.

हे नियम स्प्रिंगच्या मंडळींनी स्वतःच्या कामासाठी घातलेले आहेत. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ते ठेवायचे की काढायचे हा निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर फॉर्मॅटची तपासणी ठेवा, चार जण एकत्र काम करू लागले की तिचा उपयोग कळतो.

इथेच आणखी एक जुनं दुखणं आठवतं. बऱ्याच ट्युटोरियलमधला कोड स्प्रिंग बूट २ च्या काळातला आहे. त्यात इम्पोर्ट 'जावाएक्स डॉट परसिस्टन्स' असे असतात आणि आताच्या पेटक्लिनिकमध्ये ते 'जकार्ता डॉट परसिस्टन्स' हवेत. जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यानंतर २०२० मध्ये जकार्ता ईई ९ ने ही नावं बदलली. पण आंधळेपणाने सगळीकडे शोधा-बदला करू नका. 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' हे जेडीकेचंच आहे, ते तसंच राहतं. बदलायचं ते परसिस्टन्स, व्हॅलिडेशन आणि सर्व्हलेट.

पॅकेजचं नाव बदललं आणि सगळी पानं गायब

हा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात चूक सांगणारा संदेशच येत नाही. बिल्ड यशस्वी, सर्व्हर सुरू, लॉगमध्ये लाल काही नाही, आणि ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

काय घडलेलं असतं? डेमोतली सगळी पॅकेजेस 'ऑर्ग डॉट स्प्रिंगफ्रेमवर्क डॉट सॅम्पल्स डॉट पेटक्लिनिक' या नावाखाली आहेत. आपल्या प्रोजेक्टला आपलं नाव हवं, ही इच्छा रास्तच. मुलं मुख्य क्लास नव्या पॅकेजमध्ये हलवतात, बाकीचं नंतर बघू म्हणतात. पण '@स्प्रिंगबूटॲप्लिकेशन' ही खूण ज्या क्लासवर आहे त्याचं पॅकेज आणि त्याच्या पोटातली पॅकेजेस, एवढ्याच ठिकाणी स्प्रिंग कंट्रोलर, रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा कोड) आणि एन्टिटी (टेबलांशी जोडलेले क्लास) शोधतो. मुख्य क्लास दुसऱ्या घरात राहायला गेला, की जुन्या घरातलं त्याला काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ते रिकामं ॲप्लिकेशन आहे, आणि रिकामं ॲप्लिकेशन सुरू होण्यात काही चूक नाही.

ओळखायची खूण लॉगमध्येच असते. सर्व्हर सुरू होताना स्प्रिंग डेटा रिपॉझिटरी शोधल्याची एक ओळ छापतो आणि तिच्या शेवटी किती जेपीए रिपॉझिटरी सापडल्या तो आकडा असतो. मूळ प्रोजेक्टमध्ये तो आकडा शून्य नसतो. तुमच्याकडे शून्य दिसला, की निदान झालं.

अर्धंच स्थलांतर झालं असेल तर मात्र सर्व्हर उभाच राहत नाही. 'ॲप्लिकेशन फेल्ड टू स्टार्ट' या मथळ्याखाली अमुक कन्स्ट्रक्टरला तमुक प्रकारचं बीन (स्प्रिंगने बनवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) हवं होतं, ते सापडलं नाही, असं लिहून येतं. यावर '@कंपोनंटस्कॅन' मध्ये दोन्ही पॅकेजेसची नावं लिहून वेळ मारून नेता येते, पण मी तसं करू देत नाही. कारण एन्टिटी आणि रिपॉझिटरीसाठी आणखी दोन वेगळ्या खुणा लागतात, एक राहून जाते, आणि आठवड्याने तोच माणूस तोच प्रश्न घेऊन परत येतो. आयडीईमधल्या रिफॅक्टरच्या सोयीने अख्खं पॅकेज एकदम बदला, टेस्टच्या फोल्डरसकट. मग पॉममधला ग्रुप आयडी बदला, चालवून पाहा, आणि गिटमध्ये एवढाच बदल वेगळा कमिट करा.

मालकाच्या माहितीत पिन कोड वाढवायचा होता

आपल्याकडची मुलं पहिली सुधारणा बहुधा हीच करतात. ओनर क्लासमध्ये पिनकोड (मधला 'सी' कॅपिटल) नावाचं फील्ड टाकलं, फॉर्ममध्ये चौकट टाकली, आणि यादी उघडली की 'कॉलम नॉट फाउंड'. दुसऱ्या एखाद्या डेमोत हायबरनेट (क्लास आणि टेबलं जोडणारी लायब्ररी) स्वतःच टेबल बनवत होता, मग इथे का नाही?

कारण पेटक्लिनिकच्या सेटिंगमध्ये हायबरनेटची 'डीडीएल-ऑटो' ही ओळ 'नन' ठेवलेली आहे. टेबलं बनतात ती रिसोर्सेसच्या 'डीबी' फोल्डरातल्या एसक्यूएल फाइलींवरून, प्रत्येक डेटाबेससाठी वेगळं फोल्डर. म्हणून एच२ च्या (डेमो आपोआप वापरतो त्या डेटाबेसच्या) स्कीमा फाइलमध्ये 'पिन_कोड' हा कॉलम वाढवा. अंडरस्कोर विसरू नका, स्प्रिंग क्लासमधल्या कॅपिटल अक्षराचं रूपांतर त्यातच करतो.

आता पुन्हा चालवलं तर दुसरीच चूक येते: कॉलमची संख्या जुळत नाही. इथे बरेच जण हताश होऊन केलेला बदल मागे घेतात. घेऊ नका, तुम्ही बरोबर वाटेवर आहात. शेजारच्या डेटा फाइलमधल्या इन्सर्टच्या ओळींत कॉलमची नावं दिलेली नाहीत, नुसती मूल्यं ओळीने दिली आहेत. टेबलात एक कॉलम वाढला की त्या १० ओळींत एक मूल्य कमी पडतं. प्रत्येक ओळीत मूल्य वाढवा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे इन्सर्टमध्ये कॉलमची नावं लिहून टाका. पुढच्या कॉलमला हा त्रास होणार नाही.

मायएसक्यूएल वापरत असाल तर तिथली स्कीमा फाइल 'टेबल नसेल तरच बनव' असं सांगते. टेबल आधीच असल्यामुळे तुमचा नवा कॉलम फाइलमध्ये दिसतो, पण टेबलात येत नाही. तिथे टेबल हाताने बदलावं लागतं.

फोन नंबरचंही इथेच सांगते: त्या चौकटीत फक्त १० आकडे चालतात. आपला मोबाइल नंबर बसतो, पण पुढे +९१ लावला की फॉर्म परत येतो. तो नियम ओनर क्लासमध्येच आहे.

सर्व्हर बंद केला की भरलेली माहिती उडते

हा बिघाड नाही. एच२ डेटाबेस इथे मेमरीत चालतो, सर्व्हर बंद म्हणजे डेटा संपला. पण हा प्रश्न सोडवताना लोक ज्या आडवाटेला जातात तिच्याबद्दल सावध करायला हवं. ते एच२ चा पत्ता बदलून फाइलवर आणतात. लगेच 'टेबल सापडत नाही' येतं, कारण डेटाबेस मेमरीतला असेल तरच स्प्रिंग बूट या एसक्यूएल फाइली आपणहून चालवतो. मग कुणीतरी सुचवतं की 'एसक्यूएल इनिट मोड' कायमचा चालू करा. केला की ॲप्लिकेशन सुरू होतं, पण एच२ च्या स्कीमा फाइलच्या सुरुवातीलाच जुनी टेबलं काढून टाकण्याच्या आज्ञा आहेत. दर वेळी सर्व्हर सुरू झाला की डेटा पुन्हा साफ.

डेटा टिकवायचा असेल तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसवर जा. दोन्हींची सोय डेमोत तयार आहे, ॲक्टिव्ह प्रोफाइलचं नाव 'मायएसक्यूएल' किंवा 'पोस्टग्रेस' दिलं की झालं. हे डेटाबेस डॉकरमध्ये सुरू करून देणारी डॉकर कंपोजची फाइलही सोबत आहे. इथे एकच खड्डा: लॅपटॉपवर झॅम्प (स्वतःचा डेटाबेस सोबत आणणारं पॅकेज) चालू असेल तर ३३०६ पोर्ट त्याच्या डेटाबेसने आधीच अडवलेला असतो. डॉकरचा मायएसक्यूएल सुरू होत नाही, ॲप्लिकेशन मात्र झॅम्पच्या डेटाबेसला जाऊन धडकतं आणि 'ॲक्सेस डिनाइड' घेऊन परत येतं, कारण तिथे 'पेटक्लिनिक' नावाचा युजर नाही. पासवर्ड बदलत बसू नका, आधी झॅम्प बंद करा.

८०८० अडलेला असण्याची कारणं अशीच घरचीच असतात. बहुतेक वेळा तुमचीच आधीची रन बंद व्हायची राहिलेली असते. नाहीतर जेनकिन्स, किंवा डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेलं जुनं ओरॅकल एक्सई. विंडोजवर 'नेटस्टॅट वजा एएनओ' ने त्या पोर्टवर बसलेल्या प्रोसेसचा क्रमांक मिळतो. घाई असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये 'सर्व्हर डॉट पोर्ट' ८०८१ करा.

मेनूतल्या 'एरर' वर टिचकी मारली की चूक येते, हा प्रश्नही दर बॅचला असतो. ते पान मुद्दाम चूक घडवण्यासाठीच आहे, चूक झाल्यावर काय दिसतं ते दाखवायला. तिथे काही दुरुस्त करायचं नाही. सीएसएस बदलली आणि ती पुढच्या वेळी नाहीशी झाली, तर तुम्ही तयार फाइलमध्ये बदल केला आहे. मूळ एससीएसएसमध्ये करा आणि 'सीएसएस' या मेव्हन प्रोफाइलने बिल्ड करा.

बाहेर लावण्याआधी

ॲप्लिकेशन आपलं झालं, नाव बदललं, डेटा टिकू लागला, की ते एखाद्या सर्व्हरवर टाकून मित्रांना पत्ता पाठवावासा वाटतो. त्या आधी थांबा. पेटक्लिनिकमध्ये लॉगिन नाही. पत्ता ज्याला माहीत, तो कोणत्याही मालकाची माहिती बदलू शकतो. त्यातच सेटिंगच्या फाइलमध्ये ॲक्चुएटरचे सगळे एंडपॉइंट वेबवर उघडे ठेवणारी एक ओळ आहे, शेवटी नुसता तारा असलेली. शिकताना ती फार छान आहे, ॲप्लिकेशनच्या आत काय चाललंय ते सगळं दिसतं. बाहेर मात्र ते सगळ्यांनाच दिसेल. त्या ताऱ्याच्या जागी फक्त 'हेल्थ' लिहा, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे की नाही एवढंच बाहेरून तपासता येईल. खऱ्या माणसांचे पत्ते आणि फोन नंबर भरण्याआधी स्प्रिंग सिक्युरिटी जोडून लॉगिन बसवा, आणि डेटाबेसचा तो 'पेटक्लिनिक' हाच युजर, हाच पासवर्ड बदला. डेमो वाचलेल्या प्रत्येकाला तो पाठ आहे.